वजनदार माणसाने मासेमारीची कयाक कशी निवडावी

काठावरून गळ कितीही लांब फेकला तरी उजनीतला मोठा कटला तिथवर येईलच असं नाही. म्हणून कयाकचा, म्हणजे सहसा वल्ह्याने चालवायच्या लहान होडीचा, विचार डोक्यात येतो. वजन शंभरच्या पुढे असलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: आपल्याला ती पेलेल का? पेलते. ११०, १२०, १३५ किलोची माणसं कयाकमध्ये बसून आरामात मासेमारी करतात. पण ती कयाक त्यांच्या अंगाला बसणारी असते. सत्तर किलोच्या माणसाने "एकदम स्थिर आहे" म्हणून शिफारस केलेली होडी तुमच्याखाली स्थिर राहीलच असं नाही, आणि त्यामागचं कारण नीट समजून घेतलं तर निम्मी खरेदी तिथेच सोपी होते.

कयाक कलली की तिचं बूड तिला परत सरळ करायला बघतं. हा जोर बुडाच्या रुंदीवर आणि लांबीवर ठरतो. त्यात बसलेला माणूस हलका आहे की जड, यावर तो फारसा ठरत नाही. कलवणारा जोर मात्र सगळा वर बसलेल्या वजनाचा आणि ते वजन पाण्यापासून किती उंच आहे याचा असतो. म्हणजे होडी तीच, आधार तेवढाच, पण तुम्ही बसल्यावर उलटवणारा जोर दीडपट होतो. त्यात वजन पोटात, छातीत, खांद्यांत असेल तर ते आणखी वर जातं. १२० किलोच्या दोन माणसांतही फरक पडतो. सहा फुटी, रुंद छातीच्या माणसाला बुटक्या, मांड्या-कंबर भरलेल्या माणसापेक्षा जास्त स्थिर होडी लागते. म्हणून व्हिडिओ बघताना आधी बोलणाऱ्याची अंगकाठी बघा, मग त्याचं मत ऐका.

आता क्रमाने जाऊ.

पहिलं काम: वजन काटेकोर मोजा

अंदाज नको. पाण्यावर जाताना जे कपडे, जे बूट घालणार ते घालून काट्यावर उभे राहा. मग सामानाची बेरीज मांडा. एक नमुना देतो: माणूस ११८ किलो, कपडे-बूट २, लाइफ जॅकेट १, रॉड-रील आणि सामानाचा डबा ८, पिण्याचं पाणी ४, बर्फाचा डबा ७, नांगर आणि दोरी ३, येताना मासे ५. झाले १४८ किलो. सोलापूरच्या उन्हात चार लिटर पाणी ही चैन नाही, ते यादीतून काढू नका.

या बेरजेची दीडपट करा. १४८ ची झाली २२२. एवढी भारक्षमता असलेली कयाक शोधायची. कंपनीने छापलेला कमाल आकडा म्हणजे होडी तरंगेल एवढा भार; त्या भाराला ती नीट चालेल, वळेल, लाटेत तग धरेल असा त्याचा अर्थ नव्हे. शिवाय प्रत्येक कंपनी हा आकडा आपापल्या पद्धतीने काढते. म्हणून छापील क्षमतेच्या दोन तृतीयांशापर्यंतच भार ठेवायचा, हा नियम वजनदार माणसाने मोडू नये. परदेशी कंपन्या आकडा पौंडात देतात. ४०० पौंड म्हणजे सुमारे १८१ किलो, ४५० म्हणजे २०४, ५०० म्हणजे २२७. आपल्या नमुन्यातल्या माणसाला ५०० च्या आसपासची लागेल. "४०० पौंडाची आहे साहेब, दोघं बसतील" असं विकणारा म्हणेल. बसतीलही, पण पाणी काठाला लागलेलं असेल.

रुंदी, पण कुठली रुंदी

सगळ्यात जास्त फरक रुंदीने पडतो, आणि तो सरळ प्रमाणात पडत नाही. बुडाचा सरळ राखणारा जोर रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३० इंचांवरून ३४ वर गेलात तर रुंदी वाढली फक्त तेरा टक्के, जोर वाढला जवळपास ४५ टक्के. ३६ इंचांवर गेलात तर ७० टक्क्यांहून जास्त. म्हणून माहितीपत्रकातला चार इंचांचा फरक किरकोळ समजू नका. शंभर किलोच्या पुढच्या माणसाने मासेमारीसाठी ३३ इंचांच्या आत बघूच नये, आणि सव्वाशेच्या पुढे ३५-३६ इंच धरून चालावं, असं माझं मत आहे.

छापलेली रुंदी मात्र वरच्या काठाशी, सर्वात फुगीर जागी मोजलेली असते. खरा आधार पाण्याच्या पातळीवरची रुंदी देते. काही कयाकांचे काठ बाहेर झुकलेले आणि बूड अरुंद असतं. कागदावर ३५ इंच, पाण्यात ३०. समोरून काढलेला फोटो मागवा, नाहीतर होडी पालथी घालून बुडापासून साधारण चार इंचांवर फूटपट्टी आडवी धरा. तिथे किती भरते ते खरं.

लांबी दहा ते साडेबारा फूट पुरे. त्याहून आखूड होडीत वजनदार माणूस बसला की ती पाण्यात खोल बसते आणि वल्हवायला जड जाते. त्याहून लांब असेल तर गाडीवर चढवताना आणि काठावरच्या झाडोऱ्यातून काढताना त्रास.

बूड आणि बैठक

कयाक दोन तऱ्हेच्या. एकीत माणूस आत पाय घालून बसतो, दुसरीत वर मोकळा बसतो. तुम्ही वर बसायचीच घ्या. चढणं-उतरणं सोपं, उलटली तरी आत पाणी भरून बसत नाही, आणि गुडघे अडकत नाहीत. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, त्यातून वर आलेलं पाणी आपोआप निघून जातं.

बुडाचे प्रकार कंपन्या खूप नावांनी विकतात. कामापुरतं एवढं लक्षात ठेवा: गोल बुडाची होडी वेगाने जाते पण बसल्या जागी डोलते, सपाट बुडाची शांत पाण्यात घट्ट वाटते, आणि जिच्या बुडाला दोन्ही कडांना दोन फुगवटे व मधून पन्हळ असते ती मोठ्या माणसाला सगळ्यात जास्त मानवते, कारण तरंगणारा भाग मध्याऐवजी कडांकडे गेलेला असतो. स्थिरताही दोन प्रकारची. एक, नुसतं बसल्यावर डोलत नाही ती. दुसरी, एका बाजूला बरीच कलल्यावर "आता गेली" असं न होता थांबते ती. मासा लागला आणि तुम्ही बाजूला वाकून जाळी टाकली की कामाला येते ती दुसरी. दुकानात मात्र पहिलीचंच कौतुक ऐकायला मिळतं.

बैठक हा विषय लोक आरामापुरता बघतात. तो स्थिरतेचा विषय आहे. तुमच्या अंगाचा बहुतेक भार खुर्चीवर असतो, तेव्हा खुर्ची चार इंच वर गेली की तेवढा सगळा भार चार इंच वर गेला. अॅल्युमिनियमच्या चौकटीची, उंची खाली-वर करता येणारी खुर्ची असलेली कयाक घ्या आणि सुरुवातीचे काही महिने ती खालच्याच खाचेत ठेवा. उंच खुर्चीवरून दिसतं छान, उठायलाही सोपं, म्हणून मोह होतो. आधी होडीचा स्वभाव कळू द्या.

खुर्चीत आणखी दोन गोष्टी तपासायच्या. कयाकची भारक्षमता आणि खुर्चीची भारक्षमता वेगळी असू शकते. होडी २२० किलोची आणि खुर्ची ११५ ची, असं असतं. हे कंपनीला लेखी विचारा. दुसरं, आतली रुंदी. घरी साध्या स्टुलावर बसा, दोन्ही बाजूंनी कंबरेला जाड पुस्तकं टेकवून धरायला कुणाला तरी सांगा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. खुर्चीच्या चौकटीची आतली रुंदी याहून दोन इंच तरी जास्त हवी. कंबरेला दांडी रुतली की तासाभरात मांडी बधिर होते, आणि बधिर पायाने उतरताना माणूस पडतो.

दोघांची कयाक एकट्याने वापरावी का, असं बरेच जण विचारतात. कल्पना चांगली आहे, रुंदी आणि क्षमता दोन्ही मिळतात. पण खुर्ची मधोमध बसवायची सोय हवी. मागच्याच जागी बसलात तर भारी मागे भरलेली बैलगाडी उलाळ होते तसं पुढचं टोक वर उचललं जातं, वारा ते टोक धरतो आणि होडी फिरवत नेतो. मग वल्हं मारायचं ते फक्त दिशा राखायला.

फुगवायच्या कयाकही विचारात घ्या. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आणि लहान गाडी असेल तर पंधरा-वीस किलोची, डिकीत मावणारी होडी हाच व्यवहार्य पर्याय ठरतो. रुंदीने त्या भरपूर असतात आणि कडक तळाच्या चांगल्या कयाक वजनदार माणसालाही पेलतात. उणीव दोन: वाऱ्यावर त्या पानासारख्या सरकतात, आणि आपल्या काठांवर वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. होडी ओढत नेऊ नका, उचलून न्या, आणि खाली जाड ताडपत्री अंथरूनच फुगवा. काठावर उन्हात ठेवायची असेल तर थोडी हवा काढून ठेवा, तापल्यावर दाब वाढतो.

पायाने पॅडल मारून चालणाऱ्या कयाकने हात मोकळे राहतात हे खरं. पण जिथे जलपर्णी आणि मच्छीमारांची जाळी आहेत तिथे तळाखालचा पंखा अडकतो, वजन आणि किंमतही वाढते. पहिल्या होडीला वल्हं बरं. रुंद होडी आणि उंच बैठक असेल तर वल्हंही लांब लागतं, साधारण २४० ते २६० सेंटिमीटर. आखूड वल्हं घेतलंत तर प्रत्येक वेळी बाजूला झुकावं लागेल आणि बोटं काठाला ठेचतील.

पैसे देण्याआधी पाण्यावर बसा

सोलापूरकराला कयाक बहुधा बाहेरून मागवावी लागते, त्यामुळे न बसता घेण्याचा मोह होतो. शक्य असेल तर एक दिवस काढा आणि जिथे कयाक भाड्याने मिळते तिथे जाऊन तुमच्या मापाच्या जवळची होडी बसून बघा. तेच मॉडेल नसलं तरी ३० आणि ३४ इंचांतला फरक अंगाला कळतो.

बसल्यावर असं करा. पाणी गुडघ्याएवढं हवं, अंगात लाइफ जॅकेट हवं, शेजारी एक माणूस उभा हवा. तळाची भोकं उघडी ठेवून पाच मिनिटं शांत बसा आणि पायाजवळ किती पाणी साचतं ते बघा. तळव्याला ओल लागली तर हरकत नाही. घोटा बुडत असेल किंवा बुडाखाली ओलं होत असेल तर ती होडी तुमच्यासाठी लहान आहे, विषय संपला. भोकांना बुचं लावून हा दोष झाकू नका. मग शेजारच्या माणसाला विचारा की पुढचं आणि मागचं टोक पाण्यापासून सारखंच वर आहे का. त्यानंतर कमरेएवढ्या पाण्यात जाऊन मुद्दाम एका बाजूला झुका. कुठवर होडी साथ देते, कुठे सोडते, हे तिथेच समजलं पाहिजे. भिजायची तयारी ठेवून जा.

होडी आधीच घरी आली असेल तर पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार उपयोगी पडतात. भरलेला एक जार म्हणजे वीस किलो आणि थोडं वर. तुमच्या पूर्ण भाराएवढे जार खुर्चीच्या जागी व आसपास रचून, होडी काठाशी दोरीने धरून पाण्यात सोडा. ती किती खोल बसते, कुठलं टोक दबतं, हे तुम्ही न चढताच दिसेल. जार खाली असतात आणि तुम्ही उंच, तेव्हा डोलण्याचा अंदाज मात्र यावरून बांधू नका.

बाजूला जोडायचे तरंगते दांडे मिळतात. डोलणं ते कमी करतात. पण होडीच लहान पडत असेल तर ती बुडायची तेवढी बुडतेच. क्षमता कमी असलेली होडी घेऊन त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

लाइफ जॅकेट आणि परत वर चढणं

वजन जास्त म्हणून बुडायला वेळ लागणार नाही, ही समजूत चुकीची आहे. चरबी पाण्यावर तरंगते, आणि बहुतेक प्रौढ माणसांचं डोकं पाण्याबाहेर ठेवायला फक्त तीन ते साडेपाच किलोची जास्तीची उचल पुरते. तेव्हा जॅकेट वजनावरून निवडायचं नाही, छातीच्या घेरावरून निवडायचं. टेप छातीवरून आणि पोटावरून, दोन्हीकडून फिरवा, जे मोठं ते माप. घालून खुर्चीत बसा, सगळे बक्कल लागले पाहिजेत. मग कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा; जॅकेट हनुवटीला लागलं तर ते सैल आहे. बक्कल न लागणारं जॅकेट अंगावर लटकवून जाणं म्हणजे न घालता जाण्यासारखंच. पाठीवर जाडी वरच्या बाजूला असलेलं घ्या, म्हणजे खुर्चीच्या पाठीला अडणार नाही.

रुंद होडी सहसा उलटत नाही, पण उलटलीच तर तिला सुलटं करणं अरुंद होडीपेक्षा अवघड. म्हणून एका बाजूच्या हँडलला दीड-दोन मीटरची पट्टी बांधून ठेवा. उलटल्यावर पट्टी बुडावरून आपल्याकडे घ्या, दोन्ही हातांनी धरून, गुडघे काठाला टेकवून अंग मागे टाका. सुलटी झाली की होडीच्या मधोमध या, दोन्ही हात वर ठेवा, पाय मागे पाण्यात जोरात मारा आणि पोट आडवं घालून होडीवर या. पलीकडच्या काठापर्यंत हात पोचवा, कंबर फिरवून खुर्चीत बसा, पाय शेवटी आत घ्या. हातांच्या जोरावर स्वतःला उचलायचा प्रयत्न केला तर होडी पुन्हा अंगावर येईल. अंग जड असेल तर त्याच पट्टीला पायासाठी एक फास करा, पायरीसारखा. ही तालीम छातीएवढ्या पाण्यात, सोबत माणूस ठेवून, जमेपर्यंत करायची. जमत नसेल तर खोल पाण्यात एकट्याने जायचं नाही.

गाडी, ऊन आणि घर

मासेमारीची रुंद कयाक ३० ते ४५ किलोची असते. गाडीच्या टपाची भारमर्यादा गाडीच्या पुस्तकात छापलेली असते, बऱ्याच गाड्यांची ५० ते ७५ किलोच, आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं. होडी आणि कॅरिअरमध्ये घडी केलेली जुनी सोलापुरी चादर घाला, घासत नाही. साध्या बक्कलच्या पट्ट्या वापरा. खटके मारून आवळायच्या पट्ट्यांनी उन्हात मऊ झालेलं प्लॅस्टिक दबून बूड चेमटतं. उतरवल्यावर दोन चाकांची ढकलगाडी हवीच. कंबर सांभाळा.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर होडी ठेवू नका. सावलीत, कुशीवर, रुंद पट्ट्यांवर टांगून किंवा दोन जागी आधार देऊन ठेवा.

पहिलं पाणी

शहराजवळचे तलाव जवळ म्हणून सोयीचे वाटतात. पण हिप्परग्याचा एकरुख तलाव असो की उजनी, विचारल्याशिवाय होडी घालायची नाही. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाकडे असतं, मासेमारीचे हक्क बऱ्याच तलावांवर मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्थेच्या माणसांना आधी भेटा. परवानगीचा प्रश्न तर सुटतोच, शिवाय जाळी कुठे लावलीत, बुडालेली झाडं कुठे आहेत, कुठल्या बाजूचा काठ पक्का आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. "अण्णा, वारं कधी सुटतंय इकडं?" एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

वाऱ्याबद्दल कुणी सांगितलेलं हसण्यावारी नेऊ नका. उजनीचा फुगवटा मैलोन्‌मैल मोकळा आहे, वाऱ्याला अडवायला काही नाही. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. उन्हाळ्यात वळवाचं आभाळ दुपारनंतर भरतं. पहाटे उतरा, नऊ-दहापर्यंत काठावर या, आणि पहिल्या काही खेपांना काठापासून पोहत परत येता येईल एवढ्याच अंतरात राहा. भीमेच्या पात्रात, खासकरून धरणाच्या खाली, सुरुवातीला जाऊच नका. पाणी सोडलं की ओढ एकदम वाढते. नांगर टाकायचा तो पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधूनच. कमरेजवळ बाजूला बांधला आणि पाण्याने ओढ दिली तर ३६ इंचांची होडीसुद्धा कलते.

जड सामान खाली आणि मधोमध ठेवा, बर्फाचा डबा अगदी मागच्या टोकाला नको. मासा लागला की डोकं काठाबाहेर काढायचं नाही. डोकं दोन्ही काठांच्या आत असेपर्यंत होडी सहसा साथ सोडत नाही. जाळीचा दांडा लांब घ्या म्हणजे वाकावं लागत नाही. उभं राहून गळ टाकायची घाई करू नका. बसून पूर्ण सवय झाल्यावर, कमरेएवढ्या पाण्यात, खुर्चीच्या पुढे पाय खांद्याएवढे फाकवून, समोर बांधलेल्या पट्टीला धरून उठा. काहींना हे कधीच नीट जमत नाही. बसूनही कटला, रोहू, चिलापी, मरळ सगळं मिळतं.

उतरायची जागा निवडताना वजनदार माणसाने जास्त चोखंदळ असावं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि वरून वाळल्यासारखा दिसणारा गाळ उघडा पडतो. हलका माणूस त्यावरून चालत जाईल, तुमचा पाय गुडघ्यापर्यंत जाईल आणि एक पाय होडीत असतानाच तोल जाईल. मुरमाड किंवा दगडी काठ शोधा. परत येताना वल्ह्याने तळ टोचून बघा. वल्हं रुतलं तर पाय खाली टाकू नका, पुढची जागा बघा.